कठीण दिवसांत देवाचे आभार: आतून येतात की ओढूनताणून आणायचे?

पायवाट

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या काही काळात आमच्या घरात एक संपलं की दुसरं असं चाललंय. तपशिलात जात नाही, आजारपण आहे, पैशाची ओढाताण आहे आणि एक माणूस गेलंय. मी श्रद्धाळू आहे, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे 'देव आहे का' यावर पानं भरायला नकोत. तर झालंय असं की भेटेल तो एकच सांगतो, गेलं त्याकडे बघू नकोस, जे आहे त्याबद्दल देवाचे आभार मान, रोज झोपताना त्याचे उपकार आठव. बरं म्हणून वही केली. डोळे आहेत, हातपाय आहेत, डोक्यावर छप्पर आहे. थोड्याच दिवसांत तेच ते लिहायला लागले, आत काही म्हणजे काही हलत नाही, उलट चिडचिड होते की इतकं काढून घेतलंस आणि मी इथे डोळे आहेत म्हणून थँक्यू लिहीत बसलेय.

ज्यांनी खरोखर वाईट दिवसांत देवाची स्तुती केली आहे, आभार मानले आहेत, त्यांना विचारायचंय: ते आपसूक आलं का? की आधी कोरडेपणाने करत राहिलात आणि मग आलं? की आलंच नाही? 'पॉझिटिव्ह राहा' वाले सल्ले कृपया नकोत, ते भरपूर मिळालेत.

तिरपागडा

पहिला! वाचतोय, सवडीने लिहितो.

सदाबहार_काकू

अगं, कोरडेपणाने का होईना पण सोडू नकोस एवढंच सांगेन. नाम घेताना तरी मन कुठे लागतं सुरुवातीला? तोंडाने चालू ठेवायचं, मन येतं मागून कधीतरी. माझं तर असंच झालं, वर्षानुवर्षं नुसतं तोंडाने. आणि आपल्याकडे तुकोबांचं उदाहरण आहेच की, दिवाळं निघालं तरी देवाला म्हणाले बरं झालं, दुष्काळाने पिडलं तेही बरं झालं, लोकांत अपमान झाला, गुरंढोरं गेली, सगळं बरंच झालं म्हणून देवाशी गाठ पडली. कुंतीने तर श्रीकृष्णाकडे संकटंच मागून घेतली, का तर संकटात तू भेटतोस. एवढी मोठी माणसं सांगून गेलीत, काहीतरी असेलच ना त्यात.

ओसाड

काकू, तुमच्या सातत्याबद्दल आदर आहे पण तुकोबांचं उदाहरण असं अर्धं देऊ नका. तो दुष्काळ म्हणजे १६३०च्या आसपासचा, दख्खन अक्षरशः ओस पडली होती. त्याच तुकोबांनी स्वतःची हकिगत सांगताना लिहून ठेवलंय की दुष्काळात पैसा आटला, पत गेली, एक बायको अन्न अन्न करत मेली, आणि जिवाला लाज वाटली, या दुःखाने त्रासलो. 'बरं झालं' म्हणणारा माणूस हे सगळंही बोललेला आहे. दुसरं म्हणजे तो स्वतः म्हणालाय. शेजारचा कुणी येऊन 'तुकोबा, बरं झालं हो दिवाळं निघालं, आता देवाकडे लक्ष द्या' असं म्हणाला असता तर त्याला आपण संत म्हटलं असतं का?

कुंतीचंही तेच. तिने स्वतःसाठी मागितलं, सगळं भोगून झाल्यावर मागितलं. शेजारणीसाठी नाही मागितलं.

माझा मुद्दा एवढाच आहे की आभार ही ज्याच्यावर बेतलंय त्याच्या तोंडची गोष्ट आहे. बाहेरच्याने सुचवली की ती गप्प बसवायची युक्ती होते. समोरचा रडला की आपल्याला अवघडल्यासारखं होतं, मग आपण त्याला यादी करायला बसवतो.

गुलबक्षी

+१००० शेवटच्या वाक्याला.

शून्य_शेष

मी पडलो अकाउंट्सवाला. वहीत एकच बाजू भरली तर ऑडिटर घरी पाठवतो. पायवाटताई, जमा लिहिताय तर नावेही लिहा, देव काय ते टॅली करेल :)

सदाबहार_काकू

@ओसाड, मी कुठे कुणाला गप्प बसवतेय? तिने विचारलं म्हणून सांगितलं. आणि बाहेरच्याने अजिबातच सुचवायचं नाही म्हटलं तर सत्संग, कीर्तन, प्रवचन सगळं बंद करावं लागेल. सगळ्यांना सगळं आतून सुचत नाही बाबा, काहींना कुणीतरी सांगावंच लागतं.

ओसाड

कीर्तनात हजार माणसांना सांगणं वेगळं आणि नुकतंच कुणी गेलेल्या घरात जाऊन सांगणं वेगळं, एवढंच म्हणतोय. तुम्हाला उद्देशून नव्हतं, तसं वाटलं असेल तर माफी.

नोंदवही

यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, थोडं लिहिते, माझं शिक्षण त्यातलं आहे.

सगळ्यात गाजलेला अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा, २००३ सालचा. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले, एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने डोक्याला ताप देणाऱ्या पाच गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदर बरं चाललंय असं जास्त वाटलं. हे झालं धडधाकट विद्यार्थ्यांचं. पण त्यांचा त्यातलाच आणखी एक प्रयोग स्नायू आणि मज्जासंस्थेचे आजार असलेल्या लोकांवर होता, म्हणजे जे रोज त्रासात आहेत असे. त्यांनी तीन आठवडे रोज लिहिलं आणि त्यांनाही फरक पडला, झोपही सुधारल्याचं त्यांनी सांगितलं.

आता दुसरी बाजू. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. बहुधा सरावाने बोथट होतं म्हणून. पायवाट, तुमचं 'तेच ते' होतंय ते यामुळे असू शकेल. आणि २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर अशा लिखाणाचा परिणाम अगदी थोडाच दिसला. म्हणजे खोटं नाही पण जादूही नाही. नैराश्य असेल तर वही हा उपचार नव्हे, डॉक्टरकडे जायचं.

एक करून बघण्यासारखं. २००८च्या एका अभ्यासात लोकांना चांगली गोष्ट नुसती आठवायला न सांगता, ती घडलीच नसती तर, याची कल्पना करायला सांगितली. त्याने मन जास्त उल्हसित झालं. 'डोळे आहेत' हे फार मोघम आहे. अमुक माणूस आयुष्यात आला, तो दिवस चुकला असता तर आलाच नसता, असं काहीतरी नेमकं घ्या.

तिरपागडा

हे करून बघितलं. बायको भेटली नसती तर, अशी कल्पना केली. चेहऱ्यावर हसू आलं, ते तिने पाहिलं. पुढचं सांगत नाही.

गुलबक्षी

खिक्क!

गव्हाचा दाणा

मी ख्रिस्ती घरातला, आमच्याकडे 'आपले आशीर्वाद मोजा' हे लहानपणापासून कानावर आहे. ओसाड म्हणतायत त्याला बायबलमध्ये थेट आधार आहे म्हणून लिहितो.

ईयोबाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, गुरंढोरं गेली, मुलं गेली, आणि तो म्हणतो देवाने दिलं, देवाने नेलं, देवाचं नाव धन्य असो. लोक इथेच थांबतात. हा पहिला अध्याय आहे हो! पुस्तकाला ४२ अध्याय आहेत. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो आणि मग पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे तीन मित्र भेटायला येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते सात दिवस. मग तोंड उघडतात आणि सगळी माती करतात, देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असेल, त्याला शरण जा वगैरे. आणि शेवटी देव कोणावर चिडतो? भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाचीच बाजू घेणाऱ्या मित्रांवर. म्हणतो माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, त्यातही १५० स्तोत्रांत विलापाची इतकी आहेत की दुसऱ्या कुठल्याच प्रकारची तेवढी नाहीत. बहुतेक शेवटाकडे स्तुतीवर येतात. पण ८८वं येतच नाही. अंधारात सुरू होतं, अंधारात संपतं. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही.

सहर

छान धागा. आमच्याकडे कसं आहे ते सांगते. काहीही झालं तरी अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे सगळी स्तुती अल्लाहची, कसं चाललंय विचारलं की अल्हम्दुलिल्लाह, ताप आहे तरी अल्हम्दुलिल्लाह. खूपदा ते नुसतं तोंडात बसलेलं असतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या अम्मीचं वेगळं होतं, ती म्हणायची आणि मग पाच मिनिटांनी रडायचीही, तिला त्यात काही विसंगत वाटायचं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आधार वाटतो याकूब पैगंबरांचा. मुलगा यूसुफ हरवल्यावर ते म्हणतात सब्र करतो, म्हणजे धीर धरतो, आणि कुरआनाच्या त्याच सूऱ्यात (अध्यायात) पुढे सांगितलंय की रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. घरचे वैतागून म्हणतात तुम्ही त्याची आठवण काढून काढून मराल. त्यावर ते म्हणतात मी माझं दुःख आणि माझी तक्रार फक्त अल्लाहकडे करतोय. म्हणजे सब्रवाल्या माणसाने डोळे जाईपर्यंत रडलं तर चालतं! पायवाट, तुझी चिडचिड तू कोणाला उद्देशून करतेयस बघ. 'काढून घेतलंस' असं लिहिलंयस. त्यालाच बोलतेयस ना. मग बोलणं बंद पडलेलं नाहीये.

(आणि कुरआनात हेही आहे की अल्लाहच्या नेमती, म्हणजे त्याने दिलेल्या देणग्या, मोजायला गेलात तर मोजून होणार नाहीत. शून्य_शेष, तुमचं ऑडिट तिथेच बोंबललं.)

शून्य_शेष

राजीनामा पाठवतो.

ओसाड

सहर, फार आवडलं. नामदेवांचं आठवलं, पतितपावन नाव ऐकून दारात आलो, तू तसा नाहीस, म्हणून परत चाललो, असं सरळ देवाला तोंडावर ऐकवलंय. भक्तच असं बोलू शकतो.

ढोबळमानाने

श्रद्धाळूंचा धागा आहे म्हणून गप्प होतो पण एक प्रामाणिक प्रश्न आहे, भांडायला नाही आलेलो. मी देव मानत नाही. बाबा गेले तेव्हा आयसीयूतल्या एका नर्सने रात्री त्यांची नखं कापून दिली होती, कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या कामातही नव्हतं ते. बाबा शुद्धीवर नव्हते, पण त्यांना वाढलेली नखं आवडत नसत हे तिला आईने बोलता बोलता सांगितलं होतं. मला ते आठवलं की आजही पोटात कालवतं आणि कृतज्ञता वाटते, अगदी तुम्ही म्हणता तशीच. तिचे आभार मानले. पण त्याच्या पलीकडे, ती अशी आहे याबद्दल कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात आणि माझ्याकडे पत्ताच नाही. तुमच्याकडे पत्ता आहे याचा हेवा वाटतो कधी कधी.

दुसरीकडे तुमची पंचाईतही दिसते. नर्स देवाने पाठवली म्हटलं की रोग कोणी पाठवला हे आलंच. मला तो हिशोब करावा लागत नाही.

सदाबहार_काकू

ढोबळमानाने, नखांचं वाचून डोळे भरून आले रे.

नोंदवही

तुमच्या दुसऱ्या परिच्छेदावरून, केनेथ पार्गामेंट यांचं काम आठवलं. संकटात माणसं धर्माचा आधार कशी घेतात यावर त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास आहे. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आजारी वयस्क रुग्णांवर केलेला अभ्यास आला, साधारण दोन वर्षं पाठपुरावा केला होता. 'देवाने मला सोडून दिलंय', 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का याचीच शंका येते' असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त निघाला, इतर गोष्टी लक्षात घेऊनही.

तिरपागडा

म्हणजे देवावर रागावलं की माणूस लवकर जातो? पायवाटताईंना धीर द्यायला आलो होतो आपण, आठवण करून देतो.

नोंदवही

नाही नाही, तसं नाही. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. टाकून दिल्यासारखं वाटणं आणि भांडणं यांत मला फरक वाटतो, हे मात्र माझं मत, अभ्यासातलं नव्हे. एकटं पडणं घातक असतं, मग ते माणसांकडून असो की देवाकडून. अशी भावना बरेच दिवस राहिली तर ती कोणाशी तरी बोलायची, मनात घोळवत ठेवायची नाही, इतकाच बोध मी तरी घेते.

फॉरवर्डराव

सुप्रभात मंडळी. ज्याच्याकडे बूट नव्हते तो रडत होता, मग त्याने पाय नसलेला माणूस पाहिला. विचार करा.

गुलबक्षी

आलेच.

चांदणं_बिंदणं

फॉरवर्डराव, राग मानू नका पण मी त्या गोष्टीतली पाय नसलेली बाई आहे. म्हणजे पाय आहेत, किडन्या नव्हत्या. आणि मला बघून लोक स्वतःच्या बुटांबद्दल आभार मानतात तेव्हा कसं वाटतं ते सांगायला कधीचं टायपायचं होतं.

काही वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. भेटायला येणारी माणसं जाताना हमखास म्हणायची, तुला बघितलं की कळतं आपल्याला देवाने किती दिलंय. माझ्या तोंडावर! म्हणजे मी त्यांच्या वहीतली एक ओळ झाले. त्यांना आभार मानायचे तर खुशाल मानावेत, पण त्यांच्या देवाने मला कशाला वगळलं हे कोणी सांगत नव्हतं. दुसऱ्याचं वाईट बघून आपलं मोजायचं, ही मोजणी मला पटत नाही, तेव्हाही नव्हती.

आता पायवाट, तुझ्या प्रश्नाकडे. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून प्यावं लागतं, लघवी होत नाही किंवा नाममात्र होते, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळायचा, तोही हिशोबात धरायचा. मी त्या काळात आभार बिभार काही मानले नाहीत. देवाशी बोलणं एवढंच होतं की बघतोयस ना. रोज तेवढंच. त्याला कोणी स्तुती म्हणणार नाही.

मग प्रत्यारोपण झालं. मरणोत्तर दान झालेली किडनी. ती लगेच चालू होईलच असं नसतं, माझी झोपलेलीच होती, म्हणून नव्या किडनीसकट पुन्हा डायलिसिस. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी, सिस्टर दर तासाला मोजायला यायच्या आणि काही न बोलता जायच्या. आणि एका पहाटे त्या वाकल्या, पिशवीला टिचकी मारली, मापातलं बघितलं आणि ओरडल्याच, मॅडम, साठ! साठ मिली. चहाचा अर्धा कपही नाही भरणार. मी त्या दोन इंच पिवळ्या पाण्याकडे बघून हमसून हमसून रडले आणि देवा देवा देवा एवढंच तोंडातून निघत होतं. ते आपसूक आलं. कोणी सांगावं लागलं नाही, वही नव्हती.

ज्यू लोकांत संडासातून आल्यावर म्हणायची एक प्रार्थना असते हे नंतर वाचलं. देवा, तू माणूस शहाणपणाने घडवलास, त्यात पोकळ्या आणि छिद्रं ठेवलीस, त्यातलं एक जरी बंद पडलं किंवा फुटलं तर तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही, अशा अर्थाची. लोक हसतात ऐकून. मी नाही हसले.

गव्हाचा दाणा

निःशब्द.

तिरपागडा

आज बाथरूममधून आल्यावर थांबून विचार केला, मस्करी नाही.

फॉरवर्डराव

ताई, मनापासून क्षमा असावी. ती गोष्ट आजवर शंभर ठिकाणी पाठवली, असा विचार डोक्यातच आला नाही.

चांदणं_बिंदणं

अहो क्षमा काय, सुप्रभात :)

ढोबळमानाने

चांदणं, एक विचारतो, आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका. किडनी मरणोत्तर दानाची म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या एका घरात आकाश कोसळलं होतं. देवा देवा म्हणताना ते मनात येत नाही का? मी मघाशी जो हिशोब म्हटला तो हाच.

गव्हाचा दाणा

त्यांचं उत्तर येईपर्यंत एक घटना सांगतो कारण हाच पेच त्यात आहे.

हॉलंडमधल्या कोरी आणि बेट्सी टेन बूम या बहिणी. नाझींपासून ज्यूंना लपवल्याबद्दल १९४४ मध्ये पकडल्या गेल्या आणि शेवटी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेल्या. बराकीत पिसवांचा नुसता सुळसुळाट. बेट्सी म्हणाली प्रत्येक परिस्थितीत आभार माना असं लिहिलंय, तेव्हा पिसवांबद्दलही मानू. कोरीने साफ सांगितलं, पिसवांसाठी देवाचे आभार मानायला मला देवसुद्धा लावू शकत नाही. त्या दोघी लपवून आणलेलं बायबल बराकीत बायकांना वाचून दाखवायच्या, आणि पहारेकरी आत का येत नाहीत याचं त्यांना नवल वाटायचं. नंतर कळलं, पिसवांमुळे यायचे नाहीत.

ही गोष्ट चर्चमध्ये इथपर्यंत सांगतात आणि सगळे समाधानाने माना डोलावतात. पण बेट्सी त्याच वर्षी डिसेंबरात त्याच छावणीत मेली. काही दिवसांनी कोरी सुटली, कारकुनी चुकीमुळे. पिसवांचा उपयोग कळला, बेट्सीच्या मरणाचा उपयोग काय होता हे कोणी सांगू शकत नाही आणि कोणी सांगायला आलं तर मी उठून जाईन. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की वाईट गोष्टीत असताना देवाला धरून राहायचं, त्याची स्तुतीही करायची, पण वाईट गोष्टच चांगली होती असं म्हणायला मी बांधील नाही.

सदाबहार_काकू

मला मात्र बेट्सीचंच पटतं. कळलं नाही तरी मानायचे आभार. सगळं कळल्यावर मानले तर त्यात विश्वास कुठे राहिला? तुम्ही सगळे खूप वाचलेले आहात, मी नाही, पण माझा मुलगा गेला तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. तरी सकाळी दिवा लावताना म्हणते, तो इतकी वर्षं माझ्याकडे दिलास. तेवढ्या वर्षांबद्दल म्हणते.

ओसाड

काकू... हे आधी माहीत असतं तर मी तुमच्याशी त्या सुरात बोललो नसतो.

सदाबहार_काकू

त्यात काय रे. तू चूक थोडाच बोललास? तो गेल्यावर बाराव्या दिवसापर्यंत जे जे आले ते हेच सांगून गेले, तेव्हा मीही मनातल्या मनात सगळ्यांना हाकलतच होते. तोंडाने नाम चालू आणि मनात हाकलणं चालू!

गुलबक्षी

काकू, _/\_

पायवाट

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदोनदा. उत्तर द्यायला वेळ लागला कारण आजारपणाच्या गडबडीत होते.

नोंदवहीताईंचं ऐकून रोज लिहिणं थांबवलं. शून्य_शेष, तुम्ही गंमतीत म्हणालात पण मी खरंच दुसरी बाजू लिहायला घेतली, आणि ती लिहायला लागल्यावर हात थांबेना, पानं भरली. सगळं त्यालाच उद्देशून, सहर म्हणाली तसं. शेवटी दमून थांबले. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्या शिव्यांमध्येच कुठे कुठे भलतंच काही येऊन गेलेलं, 'त्या रात्री वहिनी न बोलता येऊन भांडी घासून गेली नसती तर मी काय केलं असतं', असलं. आभाराच्या वहीत ते कधीच आलं नव्हतं. तिथे डोळे आणि छप्पर.

म्हणून स्तुती जमतेय असं नाही म्हणणार. वहिनीला मात्र फोन केला. ती म्हणाली कसली भांडी, मला आठवतही नाही.

शून्य_शेष

राजीनामा मागे घेतो.

चांदणं_बिंदणं

@ढोबळमानाने, आगाऊपणा नाही, हे मला माझ्या घरच्यांनीही विचारलेलं नाही म्हणून उलट बरं वाटलं.

येतं मनात. दर वर्षी त्या तारखेला घरचे माझा दुसरा वाढदिवस म्हणतात आणि मला माहीत असतं की कुठेतरी कोणीतरी त्याच तारखेला फोटोसमोर बसलेलं असेल. ते कोण हे मला सांगितलेलं नाही, सांगत नसतात, अपघात झाला होता एवढंच कळलं. अपघात देवाने माझ्यासाठी घडवून आणला असं मी एकदाही म्हटलेलं नाही आणि असं म्हणणाऱ्या एका पाहुण्यांशी माझं वाजलेलं आहे. तो अपघात वाईटच होता. मी आभार मानते ते त्यानंतरच्या एका क्षणाबद्दल, जेव्हा त्या घरातल्या कोणीतरी इतक्या रडारडीत मान हलवून हो म्हटलं आणि कागदावर सही केली. अशा वेळी माणूस हो म्हणू शकतो, हे कुठून येतं? मला तरी तिथे देव दिसतो. तुम्ही नर्सबद्दल म्हणालात ना, पत्ता नाही म्हणून, तसंच आहे बघा, त्या घराचा पत्ता माझ्याकडेही नाही. प्रत्यारोपण समन्वयकांमार्फत नावगाव न घालता पत्र देता येतं म्हणतात. दोनतीनदा लिहायला बसले, 'तुमचे आभार' च्या पुढे जात नाही. इथे कोणी लिहिलं असेल किंवा कोणाच्या घरच्यांना असं पत्र आलं असेल तर सांगा, काय लिहिलं की त्यांना त्रास होणार नाही?

कोरा कागद

सभासद झाल्यापासून पहिलाच प्रतिसाद. आम्हाला आलं होतं, माझ्या भावाच्या वेळी. फार मोठं नव्हतं. आता मी जिने चढतो, मुलीला शाळेत सोडायला जातो, एवढंच होतं, आणि खाली तुमच्या माणसाची आठवण रोज काढतो. 'देवाची इच्छा' वगैरे काही नव्हतं त्यात, ते असतं तर आईने फाडलं असतं. आईने ते कपाटात ठेवलंय. तुम्ही काय काय करता आता ते लिहा, साधं. पाणी पिता येतं ते लिहा.